जीपचा क्राऊन-पिनियन घरी बसवताना

क्राऊन-पिनियन म्हणजे मागच्या एक्सलमधली दातेरी जोडी: लहान पिनियन शाफ्टने फिरतो आणि मोठ्या क्राऊनला फिरवतो. गाडीखाली आडवं व्हायच्या आधी आवाज ओळखा. रेस दिली की हूंऽऽ करतो आणि सोडली की सूर बदलतो, तर क्राऊन-पिनियन. रेस द्या नाहीतर सोडा, घरघर तशीच आणि वेगाबरोबर वाढते, तर बेअरिंग. नुसतं क्लच सोडताना खट् वाजत असेल तर आधी शाफ्टचा क्रॉस (सांध्यातला फुलीचा तुकडा) हलवून बघा, बऱ्याचदा तिथेच काम भागतं.

माझी जुनी महिंद्रा जीप, मागचा एक्सल डाना ४४ (डाना कंपनीचं मॉडेल) च्या घराण्यातला. सगळं सेटिंग शिमवर, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्यांवर. वेळ खातं, पण क्रश स्लीव्हसारखं (चेपून बसणारी नळी) एकदा दाबली की फेकली असं नाही.

गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. ऑईल काढलं की तळाचा गाळ बोटांत चोळा. करडा लगदा चालतो; कण टोचला तर दात किंवा बेअरिंग गेलंय.

आता हात आवरा आणि आधी मोजा. डायल गेज लावून जुना बॅकलॅश, म्हणजे क्राऊन-पिनियनच्या दातांमधली मोकळी हालचाल, वहीत लिहा. बेअरिंग धरणाऱ्या कॅपवर आणि हाउसिंगवर जोडीची अक्षरं कोरलेली असतात, एक आडवं, एक उभं. दिसत नसतील तर पंचने खूण करा, कारण कॅपची अदलाबदल चालत नाही. मग हाफ-शाफ्ट बाहेर, दोन टॉमी (लोखंडी पहारी) लावून डिफ्रेन्शल, म्हणजे क्राऊन ज्यावर बसतो तो गोळा, बाहेर. निघालेल्या शिमा डाव्या-उजव्या वेगळ्या बांधून ठेवा. नवं सेटिंग त्यांच्यापासूनच सुरू होतं. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलायचे.

खरी मेहनत शिमांत आहे. प्रत्येक वेळी दाबून बसवलेलं बेअरिंग पुलरने ओढलं तर त्याचं वाटोळं होतं. म्हणून जुनी बेअरिंगं आतून पॉलिश पेपरने घासून हाताने सरकतील अशी करा, सेटिंग त्यांच्यावर करा, नवी शेवटी दाबा.

बॅकलॅश ०.१३ ते ०.२३ मिलिमीटर. जास्त असेल तर एका बाजूची शिम काढून क्राऊनच्या पाठीकडे घाला, एकूण जाडी तीच ठेवा. पिनियनला क्राऊन न लावता नव्या बेअरिंगवर २० ते ४० इंच-पाउंड ओढ (फिरवायला लागणारा जोर) हवी. हाताने फिरवला तर जड, पण अडखळता नको.

मग दातांना निळा रंग लावून, क्राऊनला फडक्याने अडवत फिरवा. ठसा दाताच्या मधोमध हवा. शेंड्याकडे गेला तर पिनियन क्राऊनपासून लांब आहे, आतल्या बेअरिंगच्या कपामागे (बाहेरच्या कड्यामागे) शिम वाढवा. मुळाशी बसला तर कमी करा. शिम बदलली की बॅकलॅश पुन्हा मोजा. कंटाळा येतो, पण इथे घाई केली तर आवाज परत येणारच.

९० नंबर ईपी (जास्त दाब सोसणारं) ऑईल भरा. पहिली फेरी २०-२५ किलोमीटर, मग एक्सल पूर्ण थंड होऊ द्या. ८०० किलोमीटरपर्यंत ट्रेलर नको, नंतर ऑईल बदला. आणि एक्सलवरचा ब्रीदर (हवा जायचं भोक) तारेने साफ करा. तो बुजला की दाब सीलवर येतो आणि ऑईल थेट ब्रेकच्या लायनरवर.