गावठी ज्वारीचा वाण ओळखणं आणि शुद्ध राखणं

एकाच ज्वारीला दोन गावांत दोन नावं असतात आणि एकाच नावाखाली दोन वेगळी बियाणं फिरतात. म्हणून वाण नावावरून ठरवू नका, ताटाकडे, म्हणजे शेतातल्या उभ्या झाडाकडे बघा. उंची आणि दाण्याची जाडी जमीन-पाण्याप्रमाणे बदलते. त्यावर विसंबलात की फसलात.

न बदलणाऱ्या खुणा अशा: पानाची मधली शीर पांढरी असेल तर धांडा कोरडा, मळकट हिरवी असेल तर रसाळ. कडब्यासाठी वाण राखायचा तर ही खूण आधी बघा. पानाला जखम झाली की डाग जांभळा पडतो की पिवळसर तपकिरी, ते टिपा. मग कणीस घट्ट की मोकळं, दांडा सरळ की वाकलेला, तुसाचा (दाण्यावरच्या टरफलाचा) रंग, तूस दाणा किती झाकतं आणि कुसळ आहे की नाही. हार्लान आणि द वेट या पीकशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये ज्वारीचे पाच मूळ गट पाडले तेही मुख्यतः दाणा, तूस आणि कणसावरूनच. मालदांडीसारखी आपली रब्बी ज्वारी त्यांतल्या ‘दुर्रा’ गटातली, घट्ट कणसाची.

ज्वारी बहुतांशी स्वपरागीत, म्हणजे स्वतःच्याच परागावर दाणे धरणारी असली तरी दुसऱ्या ताटाच्या परागानं थोडा परसंकर होतोच. बियाण्याचा तुकडा दुसऱ्या ज्वारीपासून २०० मीटर लांब ठेवा. तेवढी जागा नसेल तर कणीस पूर्ण निसवल्यावर, पिवळे परागकोश दिसण्याआधी, कागदी पिशवी बांधा. फुलोरा शेंड्याकडून खाली उतरतो, त्यामुळे शेंडा फुलला की उशीर झालाच. दाणे धरताच पिशवी काढा, नाहीतर आत बुरशी आणि अळी माजते.

भेसळीची ताटं फुलोऱ्याआधीच उपटा. काढणीला उपटून उपयोग नाही, पराग केव्हाच उडालेला असतो.

कणसं कापणीआधी उभ्या पिकातून निवडा. खळ्यावर ताट दिसत नाही. बांधाकडची नकोत, मोकळ्या जागेमुळे ती फुगलेली असतात. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आला म्हणजे दाणा पक्व. निदान १०० कणसं घ्या. दहा-वीस टपोऱ्या कणसांवर भागवलंत तर वाणातली विविधता आटते. कणसाला सरासरी ५० ग्रॅम दाणे धरले तरी एकराला लागणारं चार किलो बियाणं यातून निघतं. उन्हात वाळवून ओल १२ टक्क्यांखाली आणा: दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे, दबता कामा नये.

या खुणा दोन-तीन हंगाम वहीत लिहा. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याखाली शेतकऱ्याला आपला वाण नोंदवता येतो, आणि तिथेही वेगळेपण, एकसारखेपणा आणि स्थिरता हेच तपासतात.