एक कादंबरी गावोगाव कशी फिरवावी

पहिल्याच खेपेला जाडजूड ग्रंथ फिरवायचा हट्ट धरू नका. आपल्या लातूर भागात रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ घ्या. १९७१ची, आटोपशीर. गंगाराम शिंप्याच्या घराची परवड त्याची बायको पारबती आपल्याच बोलीत सांगते, त्यामुळे एरवी पुस्तकाला हात न लावणारा माणूसही ती पुरी करतो.

दोन प्रती विकत घ्या. खाकी कव्हर घाला, पानं सुटत असतील तर बाइंडरकडून शिलाई मारून घ्या. सोयाबीन निघून हरभरा पेरला की सुरुवात करा. मृगाच्या तोंडावर दिलेलं पुस्तक पोळ्यापर्यंत कुणी उघडत नाही.

खरा घोळ पुढे आहे. पुस्तक तिसऱ्या-चौथ्या घरी जाऊन बसतं. विचारलं की, ‘वाचायलोय की!’ माझ्या प्रती कायम इथंच अडकायच्या. वही ठेवा, दंड लावा, पुस्तक दर वेळी मालकाकडे परत आणा, असं सांगणाऱ्यांनी स्वतः कधी पुस्तक फिरवलेलं नसतं. मालकाने तगादा लावला की लोकांना ती उसनवारीची वसुली वाटते.

मालकाने मधून बाजूला व्हायचं. कव्हरच्या आत एक चिठ्ठी चिकटवा. तिच्यावर वाचकांची नावं क्रमाने, प्रत्येकासमोर फोन नंबर आणि त्याच्या गावचा बाजाराचा दिवस. पुस्तक मागायचं ते पुढच्या नंबरवाल्याने. त्याला वाचायचं असतं, म्हणून तो बरोबर मागतो. क्रम मैत्रीवर किंवा मानावर लावू नका, रस्त्यावर लावा: मुरूड, लातूर, औसा, निलंगा. माणूस कामाला निघालाच आहे, तर पुस्तकही जातं. प्राध्यापक मंडळींना शेवटी ठेवा. त्यांच्याकडे कपाटं असतात.

आणि नाव लिहिताना विचारा, ‘घरात अजून कोण वाचणार?’ पुस्तक नेतो घरचा कर्ता, पण बऱ्याचदा त्याच्याआधी वाचून होतं ते त्याच्या बायकोचं, नाहीतर सुनेचं. दोन्ही नावं लिहा आणि मुदत पंधरा दिवसांऐवजी महिन्याची द्या. मुदत वाढवून मागणाऱ्याला खुशाल द्या. न उघडताच ‘फार भारी पुस्तक आहे’ म्हणणाऱ्याकडून मात्र लगेच काढून घ्या.

दुसरी प्रत निलंग्याकडून उलटी सोडा. एक अडली तरी दुसरी चालू राहते. वाटेत दोन्ही एकाच घरी आल्या, तर एक शेजारी द्यायची आणि त्याचं नाव चिठ्ठीवर चढवायचं.