वजनकाट्याच्या लॉगमध्ये नावे आणि रचना कशी ठरवावी: एक्सएमएल आणि जेसन

कोल्हापूर परिसरात गाळप हंगाम सुरू झाला की कारखान्यांच्या वजनकाट्यांवर रात्रंदिवस उसाच्या गाड्या तोलल्या जातात आणि काट्याचे सॉफ्टवेअर प्रत्येक गाडीची नोंद लॉगमध्ये, म्हणजे घटनांच्या क्रमवार नोंदींच्या फाइलमध्ये, लिहीत राहते. एखाद्या शेतकऱ्याने वजनाबद्दल शंका घेतली, तर तीच गाडी त्या ढिगातून नेमकी सापडली पाहिजे. म्हणून नोंदीतील नावे आणि रचना प्रोग्राम लिहिण्याआधीच ठरवावी. अशा नोंदी लिहिण्याची दोन स्वरूपे येथे घेतली आहेत: एक्सएमएलमध्ये माहिती टोकदार कंसांतील नावांमध्ये, म्हणजे टॅगांमध्ये, ठेवतात, तर जेसनमध्ये ती ‘नाव आणि मूल्य’ अशा जोड्यांत लिहितात.

प्रथम घटनांची यादी करावी: गाडी आली, भरलेली गाडी तोलली, रिकामी गाडी तोलली, पावती छापली. प्रत्येक घटनेला एक कायमचे नाव द्यावे आणि ते ‘घटना’ या एकाच फील्डमध्ये, म्हणजे नोंदीतील रकान्यात, लिहावे.

यानंतरचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. जे बदलते ते नावात घालू नये, मूल्यात ठेवावे. <गाडी_४५> असा टॅग केला, तर प्रत्येक गाडीला नवा टॅग तयार होतो आणि ‘आज सर्व गाड्यांचे वजन किती’ हा साधा प्रश्नही सहज विचारता येत नाही. त्याऐवजी नोंद अशी असावी:

{"घटना":"रिकामी_गाडी_तोलली","काटा":"उत्तर","पावती":"००४५"}

येथे पावती क्रमांक मुद्दाम अवतरणचिन्हांत आहे, कारण जेसनमधील संख्येच्या सुरुवातीला जादा शून्ये चालत नाहीत. ज्याची बेरीज करायची नाही, तो क्रमांक मजकूर म्हणूनच ठेवावा. वजन मात्र संख्याच असावी, जेसनमध्ये ती इंग्रजी अंकांतच लिहावी आणि एकक नावातच सांगावे: ‘निव्वळ_वजन_किलो’. एका नोंदीत किलो आणि दुसऱ्या नोंदीत टन, असे कधीही होऊ देऊ नये.

देवनागरी नावे दोन्ही स्वरूपांत चालतात, पण ‘शेतकऱ्याचे_नाव’ यासारख्या नावाबाबत सावध राहावे. त्यातील ‘ऱ’ हा युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, एकाच चिन्हाने किंवा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशा जोडीने लिहिता येतो; पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तरी संगणकाला ती दोन वेगळी नावे वाटू शकतात. ‘उत्पादक_नाव’ हे नाव अधिक सुरक्षित आहे. एक्सएमएलमध्ये नावात मोकळी जागा चालत नाही आणि नाव इंग्रजी अंकाने किंवा जोडरेषेने (-) सुरू करता येत नाही. जेसन याबाबत सैल आहे, तरी दोन्हींसाठी एक्सएमएलचेच कडक नियम पाळावेत, म्हणजे पुढे रूपांतर करताना नावे बदलावी लागत नाहीत.

वेळ एकाच साच्यात लिहावी आणि तिच्यासोबत भारतीय वेळेचा +०५:३० हा फरकही, इंग्रजी अंकांत, नोंदवावा.

रचनेबाबत, जेसनमध्ये एका ओळीत एक पूर्ण ऑब्जेक्ट, म्हणजे महिरपी कंसांतील एक नोंद, लिहावा. एक्सएमएलला संपूर्ण दस्तऐवजासाठी एकच मूळ घटक, म्हणजे सर्व नोंदींना वेढणारा सर्वांत बाहेरचा टॅग, लागतो, त्यामुळे सतत वाढणाऱ्या फाइलमध्ये शेवटचा टॅग कायम बाकी राहतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक <नोंद> स्वतंत्रपणे उघडून बंद करावी आणि मूळ घटक फाइल वाचताना भोवती जोडावा.

शेवटी चाचणी घ्यावी: नोंद लिहिली जात असतानाच प्रोग्राम बंद पाडावा आणि अर्धवट राहिलेली नोंद वाचणारा प्रोग्राम वगळतो का, तसेच ती वगळल्याची सूचना देतो का, हे दोन्ही तपासावे.