बंद पडल्या पडल्या करंट बघा

वडिलांनी घेतलेली महिंद्राची एफसी १५० पिकअप आमच्या खळ्यात अजून आहे, आणि चालते. पेट्रोलवरचं हरिकेन इंजिन, चार सिलेंडर, २.२ लिटर. एके काळी सावद्याच्या स्टेशनावर तिने केळी वाहिली. आता ठिबकच्या नळ्या आणि लग्नातली भांडी वाहते.

तिला एक खोड लागली होती. मे महिन्यात, पंचेचाळीसच्या उन्हात, अर्धा तास चालली की खोकायची आणि बंद. निंबाखाली तासभर थांबलं की पहिल्या सेल्फला चालू! रस्त्याने जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय भो, पेट्रोल संपलं का?" मेस्त्रीने कार्बोरेटर खोलला, मी पेट्रोलच्या नळीला ओलं फडकं गुंडाळलं. काही उपयोग नाही. चूक माझीच होती. गाडी गार झाल्यावर मी बोनेटखाली हात घालायचो, तोवर दोष पळालेला असायचा.

म्हणून टेस्ट लॅम्प (वायर आणि चिमटा लावलेला छोटा बल्ब), पक्कड, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि पॉलिश पेपर गाडीतच ठेवा आणि बंद पडल्या पडल्या तपासा. घाम नंतर पुसा.

आधी करंट, म्हणजे प्लगला ठिणगी देणारी वीज, आहे का ते बघायचं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. डेलको म्हणजे प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर, आणि कॉइल म्हणजे बॅटरीचा करंट ठिणगीइतका जोरदार करणारी डबी. डेलकोच्या कॅपमधून कॉइलची मधली जाड वायर उपसा, रबरी मुठीच्या पकडीने तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून पाव इंचावर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. जवळ पेट्रोल सांडलेलं नको. निळी, कडकडणारी ठिणगी पडली तर कॉइलपर्यंत सगळं ठीक. पुढे कॅप, रोटर (कॅपखाली फिरणारा तुकडा), वायरी, प्लग बघा. तेही धड असले तर मग खुशाल पेट्रोलच्या मागे लागा.

ठिणगी नसेल तर टेस्ट लॅम्प काढा. त्याचा चिमटा अर्थला, म्हणजे इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा, चावी ऑन. कॉइलच्या चावीकडच्या टोकावर लॅम्प पेटला नाही तर दोष मागे आहे: चावीचा स्विच, फ्यूज, सैल टर्मिनल. पेटला तर तो डेलकोकडच्या टोकावर लावून इंजिन फिरवा. पॉइंट (डेलकोतले उघडमिट करणारे संपर्क) मिटले की विझायला हवा, उघडले की पेटायला हवा. सतत पेटलेलाच राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, किंवा त्यांच्यावर काजळी आहे, किंवा डेलकोची अर्थ गेली आहे. कधीच पेटला नाही तर कॉइलकडून डेलकोत जाणारी बारीक वायर सोडून पुन्हा बघा. आता पेटला तर डेलकोत शॉर्ट आहे किंवा पॉइंट उघडत नाहीत. तरीही नाही पेटला तर कॉइल आतून तुटली.

तपासताना चावी उगाच ऑन ठेवू नका. पॉइंट मिटलेले असले तर कॉइल भाजून निघते. हे मी एक कॉइल घालवून शिकलो.

आमच्या गाडीत लॅम्प छान उघडझाप करत होता, पण कॉइलची ठिणगी पिवळट, मरतुकडी. आणि कॅप काढून बघितलं तर पॉइंटमध्येच भलीमोठी ठिणगी उडत होती. म्हणजे दोष कंडेन्सरचा, पॉइंटवरची ठिणगी आवरणाऱ्या छोट्या डबीचा. तापला की दगा द्यायचा, गार झाला की शहाणा. बोटाएवढी वस्तू, आणि तिच्यापायी दोन उन्हाळे गेले.

कंडेन्सर बदलला की पॉइंटही घासा, गॅप लावा. या इंजिनाच्या मूळ डेलकोला २० थाऊ, म्हणजे ०.०२० इंच. पण कित्येक गाड्यांवर नंतर लुकास-टीव्हीएसचा डेलको बसवलेला असतो, त्याला १४ ते १६ थाऊ. कोणता आहे ते बघूनच गेज घाला. प्लगला ३० थाऊ. प्लगच्या वायरी काढल्या असतील तर सिलेंडरांचा क्रम १-३-४-२, रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. एकदा भाच्याने दोन वायरी अदलाबदल केल्या, तर सायलेन्सरने असा बार काढला की बैलजोडी दावं तोडून पळाली.

पावसाळ्यातलं दुखणं निराळं. सकाळी चालूच होत नसेल तर कॅप काढून आतून कोरड्या फडक्याने पुसा. आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर पुसत बसू नका, कॅप बदला. करंट त्या रेघेवरूनच पळतो. नवा कंडेन्सर आणला तरी जुना चालता फेकू नका. माझा तंबाखूच्या डबीत, डॅशबोर्डच्या खणात असतो.