बेलाच्या पानातली नागअळी ओळखताना या चुका टाळा

पहिली चूक झाडाचीच होते. वायवर्णालाही तीन-तीन पानं असतात म्हणून लोक बिनधास्त बेल लिहून मोकळे होतात. पान उजेडाकडे धरा, बेल असेल तर बारीक तेलाचे ठिपके चमकतात, चुरगाळलं की वास येतो, फांदीला काटे असतात.

पान उजेडात धरलंच आहे तर अळीने पानाच्या आत पोखरलेला नागमोडी बोगदाही बघून घ्या. लिंबावर येणारी नागअळी, फायलोक्निस्टिस सिट्रेला, तीच बेलावरही येते, १८५६ साली स्टेंटनने नाव दिलेला हा पतंग. हिचा बोगदा चांदीसारखा दिसतो आणि विष्ठेची काळपट रेघ मधोमध जाते. टोमॅटोवरची नागअळी मात्र माशीची, तिची विष्ठा बहुतेक वेळा दोन्ही कडांना आलटून पालटून पडते आणि दहापट भिंगातून पाहिलं तर तिला वेगळं डोकंच नसतं, तोंडाशी नुसते काळे आकडे दिसतात. हे न बघता वरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोवर नाव मागू नका, मी तरी देत नाही.

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक म्हणजे अळीसकट पान डबीत ठेवल्यावर त्यातून जे बाहेर पडेल त्यालाच बोगद्याचा मालक समजणं. आमच्यासोबत फिरणाऱ्या एका मुलाने बेलाची पानं घरी नेली, काही दिवसांनी डबीत हिरवट चमकणारी इवलीशी माशी दिसली, आणि पठ्ठ्याने 'बेलाचं पान पोखरणारी माशी' अशी चिठ्ठी लावून नमुना ठेवून दिला. ती होती गांधीलमाशीच्या गोतातली परजीवी, अळीला खाऊन बाहेर आलेली! त्याने मुडपलेली कड उघडूनच पाहिली नव्हती. ही अळी पानाची कड दुमडून तिथेच कोष करते. पतंग बाहेर पडला की कोषाची रिकामी साल तिथे अर्धवट बाहेर डोकावते, परजीवी मात्र बारीक गोल भोक पाडून निघते. दोन मिनिटांचं काम आहे, पण धीर नाही कुणाला.

पॉलिथिनच्या पिशवीत पान ठेवू नका, बुरशी येते. मी डबीत टिश्यू पेपर घालते, देठाला ओला कापूस गुंडाळते, डबी सावलीत ठेवते आणि तारीख, जागा, झाड पेन्सिलने लिहून चिठ्ठी आतच टाकते.

रिकाम्या जुन्या बोगद्यावरून प्रजाती ठरवू नका. फुगलेली गाठ म्हणजे बोगदा नव्हे. आणि पतंग निघालाच तर तो चार-पाच मिलिमीटर पसरलेल्या पंखांचा, रुपेरी, टोकाला काळा ठिपका असलेला असतो, झाकण उघडण्याआधी डबी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर उडून जातो.