रस्त्याची रेघ पक्की होण्याआधी : कोल्हापूर भागासाठी पर्यावरण तपासणीची तयारी

बायपास असो, पूल असो की रुंदीकरण, पर्यावरणाची तपासणी डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) झाल्यावर सुरू केली तर ती परवान्याची कागदं जमवण्यापुरतीच उरते. तोवर भूसंपादनाचे गट नंबर निघालेले असतात आणि ओढा चुकवायला रेघ पन्नास मीटर सरकवायलाही कुणी तयार होत नाही. त्यामुळे दोन-तीन पर्यायी मार्ग पेन्सिलीत असतानाच कामाला लागा.

आधी नकाशे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या शीट, भूमी अभिलेखकडून गावनकाशे, वन विभागाकडून वनक्षेत्राच्या हद्दी आणि जलसंपदाकडून पूररेषा आणा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. सगळं एकाच नकाशावर चढवा. वेगवेगळ्या फायलींत ठेवलं की नेमकं अडचणीचं ठिकाण नजरेतून सुटतं.

कोल्हापुरात सगळ्यात जास्त वेळ पुराला द्यावा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. पंचगंगेच्या सखल पट्ट्यात भराव घातला की रस्ता बांध होतो आणि वरच्या अंगाला फुगवटा येतो. पुढे नृसिंहवाडीला, जिथं पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णा फुगलेली असली तर हे पाणी लवकर ओसरत नाही. भराव कित्येक दिवस भिजत राहतो आणि काळ्या मातीवरचा उतार घसरतो. प्रत्येक पर्यायात पाण्याला वाट किती मीटरची सोडली आहे, हे आताच मांडा. पाइप मोऱ्यांवर भिस्त ठेवू नका : जलपर्णी आणि उसाचं पाचट अडकून त्या तुंबतात, आणि पूर चढलेला असताना साफ करायला तिथं कुणी उतरू शकत नाही. जिथं पाणी पसरतं तिथं बॉक्स मोरी (रुंद चौकोनी मोरी) किंवा पुलाला जास्तीचे गाळे धरा.

पुराची खूण घेताना एका गावात किमान तीन घरं वेगवेगळी विचारा आणि २००५, २०१९, २०२१ यांपैकी कोणत्या सालची ते लिहा. भिंतीवरची ओल पाण्याच्या वर चढते, त्यामुळे ओलीचा डाग मोजला तर आकडा फुगतो. गाळाची रेघ किंवा चौकटीवर मारलेली खूण धरा आणि बेंचमार्कवरून (उंची ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेवरून) लेव्हल लावून तिची उंची काढा.

इथं वेळापत्रक फसतं. २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीच्या अहवालासाठी हवा-पाणी-आवाजाच्या नोंदी पावसाळा सोडून एका हंगामाच्या घेतात. नियमाला तेवढं पुरतं, पण कोल्हापूरचा खरा प्रश्न जुलै-ऑगस्टचा आहे. आधीच्या पावसाळ्यातच प्रत्येक ओढ्यावर जाऊन पाणी कुठून शिरतं, किती दिवस थांबतं ते नोंदवा. जून हुकला की वर्ष गेलं. १०० किलोमीटरच्या आतल्या राष्ट्रीय महामार्ग रुंदीकरणाला तर ही मंजुरीच लागत नाही. ओढा मात्र तेवढ्याने तुंबायचा थांबत नाही. तिथंही ही तपासणी कराच.

रहदारीची सलग सात दिवसांची मोजणी एकदा उसाच्या गाळप हंगामात आणि एकदा हंगामाबाहेर घ्या. मे महिन्यात मोजलं तर ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिसत नाहीत आणि आवाज-धुळीचे अंदाज कमी येतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेचे दिवस वेगळे मोजा. शाळा-दवाखान्यांभोवतीचं १०० मीटरचं शांतता क्षेत्र नकाशावर आखून ठेवा.

जनसुनावणीची नोटीस ३० दिवस आधी निघते, पण गावाला त्याच्या कितीतरी आधी भेटा. उपसा सिंचनाच्या पाइपलाइन सातबाऱ्यावरून कळत नाहीत. त्या पाणीपुरवठा संस्थेच्या सचिवाला आणि पाणी सोडणाऱ्या माणसाला ठाऊक असतात. त्यांना बरोबर घेऊन शिवारातून चाला. लाइन तुटली तर पुढचा सगळा ऊस वाळतो, आणि मग गावाचा रस्त्यावरचा विश्वासच उडतो.

झाडांचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजा. शहरी हद्दीत ५० वर्षांवरची झाडं २०२१ पासून वारसा वृक्ष मानली जातात, तेव्हा जुने वड-चिंचा वेगळ्या नोंदवा. राधानगरी अभयारण्याच्या बाजूला रेघ जात असेल तर गव्यांच्या पाणवठ्याच्या वाटा वनरक्षकाबरोबर फिरून बघा. वन्यजीव परवानगीला वेळ लागतो. मुरूम कुठून उचलणार आणि राडारोडा कुठं टाकणार हेही आताच ठरवा, नाहीतर जवळची टेकडी आणि जवळचा ओढा यांवरच ते निभावलं जातं. वरची १५ सेंटीमीटर सुपीक माती बाजूला रचायला जागा राखा.

प्रत्येक पर्यायाला एक पान द्या : पुराखालची लांबी, पाण्याची वाट, बागायत क्षेत्र, झाडं, घरं, पाइपलाइन. जो पर्याय सोडला तो का सोडला हे तारखेसह लिहा. सुनावणीत पहिला प्रश्न त्याचाच येतो.