डोळ्यात ड्रॉप टाकण्याआधी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा

पावसाळा लागला की मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "डोळे आलेत, एखादा चांगला ड्रॉप द्या." आणि बऱ्याचदा तो मिळतोही. अडचण अशी की, पाच मिलीच्या त्या पांढऱ्या बाटल्यांमध्ये दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. एकीत नुसतं अँटिबायोटिक, दुसरीत अँटिबायोटिकच्या जोडीला स्टेरॉइड. दुसरी घातली की लाली, सूज, ठणका भराभर उतरतो, म्हणून लोकांना तीच 'चांगली' वाटते. पण स्टेरॉइड जंतू मारत नाही. जंतूंशी लढताना शरीर जो दाह निर्माण करतं, तो स्टेरॉइड दडपतं. लाली ही त्या लढाईचीच खूण असते. त्यामुळे डोळा पांढरा दिसायला लागला तरी आत जंतू शाबूत असू शकतात, आणि आता त्यांना अडवणारंही फारसं कुणी नसतं.

पहिली पायरी: डोळा नीट बघा

आरशासमोर, चांगल्या उजेडात. सकाळी पापण्या चिकटलेल्या असतील, पिवळट-हिरवट घट्ट चिपडं पुसली तरी थोड्या वेळात पुन्हा येत असतील, तर जिवाणूंचा संसर्ग असण्याची शक्यता जास्त. पाणी गळतंय, वाळू गेल्यासारखं खुपतंय, सोबत सर्दी-घसा आहे, आधी एक डोळा आला आणि एक-दोन दिवसांत दुसरा आला, तर बहुधा विषाणू. दोन्ही डोळ्यांना नुसती खाज सुटलीय, चोळावंसं वाटतंय, तर ॲलर्जी. ही विभागणी पक्की नसते, डॉक्टरांनाही नुसतं बघून कधी कधी चकवा बसतो. पण अंदाजाला पुरते.

हे बघायचं कारण साधं आहे. अँटिबायोटिक फक्त जिवाणूंवर चालतं. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची जी मोठी साथ आली, पुण्याजवळ आळंदीत तर हजारोंना लागण झाली, ती मुख्यतः विषाणूंची होती. तसा डोळा एक-दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. थंड पाण्याच्या घड्या, स्वच्छता आणि दुसऱ्यांना लागण होऊ नये म्हणून थोडी काळजी, एवढं त्याला बहुतेक वेळा पुरतं. सौम्य जिवाणू-संसर्गसुद्धा अनेकदा औषधाविना जातो. अँटिबायोटिकने तो थोडा लवकर जातो, इतकंच.

दुसरी पायरी: थेट डॉक्टरांकडे कधी जायचं

पुढचं काही असेल तर ड्रॉप शोधत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. नुसतं खुपणं नाही तर खरोखर दुखणं. धूसर दिसणं, आणि तेही पापण्या मिटून-उघडून, चिपडं पुसूनही न जाणारं. उजेड सहन न होणं. बुबुळावर पांढरा ठिपका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा लाल डोळा. पूर्वी हर्पीस या विषाणूचा संसर्ग होऊन गेलेला डोळा. अलीकडे ऑपरेशन झालेला डोळा. आणि महिन्याच्या आतलं बाळ: त्याच्या डोळ्यांतून पू येत असेल तर ती तातडीची बाब आहे; आईचं दूध, मध, काजळ असले उपाय करत एक दिवसही घालवू नये.

शेतात काम करणाऱ्यांसाठी यात एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहायला हवी. ऊस तोडताना पाचटाची धार डोळ्याला लागली, भात झोडताना तूस उडालं, झाडाची फांदी फटकन बसली, तर त्या जखमेतून बुरशी शिरू शकते. आपल्याकडे बुबुळाच्या जखमा चिघळण्यात बुरशीचा वाटा मोठा आहे. डाग पांढरट-करडा, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या. अशा डोळ्यात स्टेरॉइड असलेला ड्रॉप गेला की दोन-तीन दिवस बरं वाटतं, आणि तेवढ्यात बुरशी खोल उतरते. तिला नॅटामायसिनसारखं वेगळंच औषध लागतं, आठवडेच्या आठवडे. उशीर झाला तर बुबुळावर कायमचं फूल पडतं, कधी बुबुळ बदलायची वेळ येते. पाचट लागलेल्या डोळ्यात घरातला उरलेला ड्रॉप घालणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

तापानंतर ओठाच्या कडेला फोड आणणारा हर्पीसचा विषाणूही बुबुळावर जखम करतो, आणि स्टेरॉइडने ती फोफावते. वरवर बघता हा डोळा आलेल्या डोळ्यासारखाच दिसतो. डॉक्टर नारंगी रंगाची कागदी पट्टी डोळ्याला टेकवतात आणि निळ्या उजेडात बघतात. जखम असेल तर हिरवी चमकते, हर्पीसची असेल तर फांद्या फुटल्यासारखी दिसते. दोन मिनिटांची तपासणी. ती झाल्याशिवाय लाल डोळ्यात स्टेरॉइड घालू नये, हे माझं मत नाही, नेत्रवैद्यकातला मूळ नियम आहे.

तिसरी पायरी: खोका वाचा

ब्रँडचं नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात ते बघा. मॉक्सिफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, गॅटिफ्लॉक्सासिन, टोब्रामायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल ही अँटिबायोटिक्स. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुरोमेथोलोन, डायफ्लुप्रेडनेट ही स्टेरॉइड्स. दोन्ही याद्यांतलं एकेक नाव एकाच खोक्यावर दिसलं तर ते मिश्रण आहे. मॉक्सिफ्लॉक्सासिन ०.५ टक्के अधिक डेक्सामेथासोन ०.१ टक्के, किंवा टोब्रामायसिन ०.३ टक्के अधिक डेक्सामेथासोन ०.१ टक्के, ही जोडी फार चालते. ब्रँडच्या नावाला लागलेलं 'डी' किंवा 'डेक्स' बऱ्याचदा हेच सांगतं. पण त्या शेपटावर विसंबू नका, घटकच वाचा.

ही औषधं औषध नियमांतल्या अनुसूची 'एच' किंवा 'एच-१'मध्ये येतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. काउंटरवर काय घडतं ते सगळ्यांना माहीत आहे. निदान "यात स्टेरॉइड आहे का?" एवढं तरी विचारा.

आणि बाटली डोळ्याचीच आहे ना, हेही बघा. कानाचे ड्रॉप्स अगदी तसेच दिसतात आणि ते डोळ्यात चालत नाहीत. घाईत, चष्म्याशिवाय, झटकन चिकटणारा गोंद डोळ्यात टाकल्याच्या घटनाही डॉक्टर बघतात. औषधांच्या डब्यात गोंद ठेवू नये, इतकं सोपं आहे ते.

चौथी पायरी: घालायचे कसे

इथे जरा थांबून नीट वाचा, कारण अर्धं औषध याच ठिकाणी वाया जातं.

साबणाने हात धुवा. लेन्स असतील तर काढा, आणि डोळा पूर्ण बरा होईपर्यंत पुन्हा घालू नका. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून चिपडं पुसा, नाकाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला. एक बोळा एकदाच वापरायचा, दुसऱ्या डोळ्याला दुसरा. औषध दुधाळ असेल तर बाटली चांगली हलवा, नाहीतर औषध तळाशी आणि डोळ्यात नुसतं पाणी. प्रेडनिसोलोन ॲसिटेट तसं असतं, बरीच मिश्रणंही.

मान मागे टाका किंवा सरळ आडवे व्हा. खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढा, म्हणजे तिथे छोटी खोबण तयार होते. वर बघा आणि खोबणीत एक थेंब सोडा. बाटलीचं टोक पापणीला, केसांना, बोटाला लागता कामा नये. एकदा लागलं की जंतू बाटलीत जातात. हात थरथरत असेल तर बाटली धरलेला हात कपाळाला टेकवा.

एकच थेंब. डोळ्यात एका वेळी साधारण ३० मायक्रोलिटर द्रव मावतो आणि बाटलीतून पडणारा एक थेंबच ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. दुसरा थेंब गालावरच येतो. मग डोळा अलगद मिटा, घट्ट आवळू नका, आणि नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरा. तिथल्या नळीतून औषध नाकात आणि घशात उतरतं. ते दाबल्याने थांबतं आणि औषध डोळ्यात टिकतं. घालून झाल्यावर घशाला कडू लागलं तर घाबरू नका, तेच घशात उतरलेलं औषध.

दोन वेगळे ड्रॉप्स असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. मलम शेवटी, शक्यतो रात्री झोपताना: खालच्या पापणीच्या आत अर्धा ते एक सेंटिमीटर. त्यानंतर काही वेळ धूसर दिसतं, तेव्हा गाडी चालवू नका.

लहान मूल डोळा उघडतच नसेल तर झटापट नको. त्याला उताणं झोपवा, डोळे मिटलेलेच राहू द्या, नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब ठेवा आणि मग डोळे उघडायला सांगा. थेंब आपोआप आत जातो.

पाचवी पायरी: किती दिवस

नुसत्या अँटिबायोटिकचा कोर्स साध्या संसर्गाला सहसा ५ ते ७ दिवसांचा असतो; दिवसातून किती वेळा ते औषधागणिक बदलतं, चिठ्ठीत लिहिलेलं पाळा. दुसऱ्या दिवशी डोळा बरा दिसला म्हणून सोडू नका, आणि उगाच महिनाभर चालूही ठेवू नका. दोन-तीन दिवसांत काहीच फरक नाही, किंवा दुखणं वाढलं, तर औषध जोरदार करून मागण्यापेक्षा निदान पुन्हा तपासून घ्या.

स्टेरॉइडचा हिशोब वेगळा. ते काही खलनायक नव्हे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते लागतंच, डोळ्याच्या आतल्या दाहात ते दृष्टी वाचवतं. पण तिथे डॉक्टर तपासत असतात. बुबुळाच्या जिवाणूजन्य जखमेत स्टेरॉइडने फायदा होतो का, यावर मुख्यतः मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात ५०० रुग्णांवर चाचणी झाली; निष्कर्ष २०१२मध्ये आले. जंतू नक्की करून, आधी ४८ तास अँटिबायोटिक देऊन मग स्टेरॉइड दिलं, तरीही तीन महिन्यांनी एकंदरीत दृष्टीत विशेष फरक दिसला नाही. तज्ज्ञांच्या हाताखाली ही स्थिती, तर काउंटरवरून अंदाजाने घेतलेल्या बाटलीकडून काय अपेक्षा ठेवायची?

स्टेरॉइड चालू राहिलं तर ते डोळ्यातला दाब वाढवतं. आठवडेच्या आठवडे वापरलं तर साधारण दर तीन जणांमागे एकाचा दाब थोडाफार वाढतो, आणि शंभरातल्या पाचेक जणांचा फार. दुखत नाही, लाल होत नाही, कळतही नाही. काचबिंदू होऊन बाजूची नजर गेली की मग लक्षात येतं. गेलेली नजर परत येत नाही. घरात कुणाला काचबिंदू असेल, मधुमेह असेल, मोठ्या मायनस नंबरचा चष्मा असेल तर धोका जास्त. म्हणून दहा दिवसांहून जास्त चालणार असेल तर दाब मोजून घ्यावा. दीर्घकाळ वापराने मोतीबिंदूही लवकर येतो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते ॲलर्जीच्या मुलांचं. उन्हाळ्यात डोळे खाजतात, एकदा लिहून दिलेला ड्रॉप दोन दिवसांत थंड करतो, मग आई-वडील तीच रिकामी बाटली दाखवून दरवर्षी नवी आणतात. शाळेतल्या मुलाला काचबिंदू होण्याचं हे एक ठाऊक असलेलं, टाळता येण्याजोगं कारण आहे.

डॉक्टरांनी स्टेरॉइड काही आठवड्यांसाठी दिलं असेल तर मात्र मनाने एकदम बंद करू नका. सहा वेळा, मग चार, मग दोन असं उतरवत आणतात; अचानक थांबवलं तर दाह उसळून येतो.

घरातले बाकीचे

एका घरात चौघांचे डोळे आले तरी बाटली चार. टॉवेल, उशीचा अभ्रा, रुमाल वेगळे. बाटली फोडली त्या दिवशीची तारीख पेनाने लेबलवर लिहा. महिना झाला की औषध उरलं असलं तरी टाकून द्या, खोक्यावरची मुदत न फोडलेल्या बाटलीसाठी असते. टाकण्याआधी लेबलचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, "आधी काय घातलं होतं?", आणि "पांढरी बाटली होती, निळं झाकण" या उत्तराचा त्यांना काही उपयोग नसतो.